झेरॉक्सच्या दुकानात राहिलेली फाईल

रोडपालीत नवी मुंबई पोलिसांचं मुख्यालय आहे. तिथल्या मैदानावर भरतीची मैदानी चाचणी असली की आदल्या रात्रीपासून कळंबोलीत बाहेरगावची मुलं-मुली दिसायला लागतात. पाठीवर सॅक, हातात प्लास्टिकचं फोल्डर. फोल्डरमध्ये हॉल तिकीट, आधार, दहावीची मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. सॅक भिंतीला टेकवून ठेवतील, पण फोल्डर हातातून सुटत नाही. झोपतानाही ते उशाखाली जातं. ते कागद हरवले तर काय होईल हे त्या मुलांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

याच कागदांची दुसरी प्रत मात्र कुणाच्याच उशाखाली नसते. जिथे ऑनलाइन फॉर्म भरला त्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर ती असते. कॉलेजच्या ऑफिसात सगळ्यांना पासवर्ड ठाऊक असलेल्या ईमेलमध्ये असते, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असते. कागद जपायची शिकवण आपल्याला घरातून मिळाली. प्रत जपायची शिकवण अजून घरातही नाही आणि विद्यापीठातही पुरेशी नाही, म्हणून हे लिहितो आहे.

एप्रिल २०२३ मधली गोष्ट. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची अराजपत्रित गट ब आणि गट क सेवांची संयुक्त पूर्व परीक्षा ३० तारखेला होती. आठवडाभर आधी टेलिग्रामच्या एका चॅनेलवर उमेदवारांची हॉल तिकिटं दिसायला लागली. दहा-वीस नव्हे, ९४ हजारांहून अधिक. प्रश्नपत्रिकाही आपल्याकडे आहे, असा दावा चॅनेलवर केलेला होता. आयोगाने तो फेटाळला. बाह्य लिंकवरून उपलब्ध करून दिलेली हॉल तिकिटं तेवढी बाहेर गेली आहेत, असं जाहीर केलं, ती लिंक बंद केली आणि परीक्षा ठरल्या दिवशी घेतली. पुढे नवी मुंबईच्या सायबर पोलिसांनी पुणे परिसरातून एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याला अटक केली. तो सायबर विषयाच्याच पदवीचा अभ्यास करत होता.

हा शेवटचा तपशील मला बरेच दिवस अस्वस्थ करत राहिला. १९ वर्षांचं वय म्हणजे पलीकडच्या ९४ हजारांत त्याचे मित्र, त्याच्या गावची मुलं असण्याचं वय. कुलूप कसं उघडतं हे आपण अभ्यासक्रमात घेतलं. उघडं कुलूप दिसल्यावर काय करायचं, याचा धडा कुणी दिला? खरं तर त्याची सोय आहे. २००४ पासून काम करणारी केंद्र सरकारची सर्ट-इन ही यंत्रणा अशा त्रुटी कळवणाऱ्यांची दखल घेते. त्रुटी दिसली आणि कळवली, तर ते काम अभिमानाने सांगावं असं. त्याच त्रुटीतून हात घालून दुसऱ्याच्या फायली काढल्या, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागतात. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात हे फळ्यावर लिहिलं गेलं पाहिजे.

हॉल तिकीट, निकाल, गुणपत्रिका अशा गोष्टी वेबसाइटवरून बाहेर जाण्याची एक नेहमीची वाट आहे आणि ती समजायला अवघड नाही. आपण आपली पीडीएफ उतरवतो तेव्हा ब्राउझरच्या वरच्या पट्टीत लांबलचक पत्ता येतो. समजा त्याच्या शेवटी ४५१२ हा आकडा आहे. तिथे ४५१३ टाकलं तर? नीट बांधलेली यंत्रणा थांबवते, ही फाईल तुमची नाही म्हणते. घाईत बांधलेली यंत्रणा पुढच्या मुलाचं हॉल तिकीट समोर ठेवते. मग एक छोटा प्रोग्रॅम लिहून आकडे एकामागून एक वाढवत नेले की रात्रीत हजारो फायली गोळा होतात. आपल्या सोसायट्यांत गेटवर वॉचमन असतो, वहीत नाव लिहून घेतो. पण आत आलेला पाहुणा तिसऱ्या मजल्यावरच्या कुठल्याही घरात शिरू शकत नाही, कारण प्रत्येक दाराला वेगळं कुलूप असतं. तुम्ही कोण हे तपासणं आणि तुम्हाला काय बघायचा हक्क आहे हे तपासणं, ही दोन वेगळी कामं आहेत. वेबसाइट बांधणारे पहिलं करतात आणि दुसरं विसरतात. वेब सुरक्षेचं काम करणाऱ्या ओवास्प या जागतिक संस्थेने २०२१ च्या यादीत हाच दोष पहिल्या क्रमांकावर ठेवला होता. एखाद्या महाविद्यालयाने बाहेरच्या कंपनीकडून प्रवेशाचं पोर्टल करून घेतलं, तर पैसे देण्याआधी एवढी एक आकड्याची चाचणी प्राचार्यांनी आपल्यासमोर करून घ्यावी. त्याला तज्ज्ञ लागत नाही.

कुणी विचारेल, हॉल तिकीट गेलं तर बिघडलं काय? त्यावर पैसे थोडेच असतात. पण त्यावर नाव आणि फोटो असतो, सही असते, परीक्षेचं केंद्र असतं. आता अशा मुलाला फोन येतो. समोरचा त्याचं पूर्ण नाव घेतो, बैठक क्रमांक बिनचूक सांगतो आणि म्हणतो, तुमच्या अर्जात फोटोची अडचण आहे, आज दुरुस्तीचे दोनशे रुपये भरले नाहीत तर परीक्षेला बसता येणार नाही. अनोळखी माणसावर आपण विश्वास ठेवत नाही, असं प्रत्येकाला वाटतं. पण आपला बैठक क्रमांक ज्याला माहीत आहे तो अनोळखी वाटतच नाही. चोरलेली माहिती अशी विश्वास कमवायला वापरतात. म्हणून फोन आला की त्याला आपल्याबद्दल किती माहीत आहे याकडे लक्ष देऊ नये. तो आपल्याला काय करायला सांगतो आहे तेवढंच बघावं. घाई, भीती आणि पैसे किंवा ओटीपी हे तिन्ही एकत्र आले की फोन ठेवायचा आणि आपल्याजवळ असलेल्या अधिकृत नंबरवर आपण स्वतः विचारायचं.

लिंक आली असेल तर तिचा पत्ता वाचता आला पाहिजे, आणि मराठी माणसाला तो सहज वाचता येईल. पाकिटावर आपण पत्ता लिहितो तो लहानाकडून मोठ्याकडे जातो: सदनिका, इमारत, सेक्टर, रोडपाली, कळंबोली, जिल्हा रायगड. पोस्टमन पाकीट कुठे न्यायचं हे शेवटच्या ओळींवरून ठरवतो. वेबसाइटचं नावही तसंच. सुरुवातीच्या जोड तिरप्या रेघा सोडल्या तर पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे नाव असतं, त्याचा शेवटचा भाग मालक सांगतो. मुंबई विद्यापीठाचं नाव ‘एमयू डॉट एसी डॉट इन’ असं संपतं. ‘एसी डॉट इन’ हे शेपूट फक्त शैक्षणिक संस्थांना मिळतं आणि त्याची नोंदणी अर्नेट इंडियाकडे आहे. पण ‘एमयू डॉट एसी डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असं दिसलं तर सुरुवातीला विद्यापीठाचं नाव असूनही ते घर अमुकतमुकचं आहे. पाकिटाच्या पहिल्या ओळीवर ‘मुंबई विद्यापीठ’ लिहिलं आणि शेवटी भलत्याच गावाचं नाव घातलं तर पाकीट त्या गावाला जाईल, तसंच हे.

या साध्या युक्तीला मोठमोठे प्राध्यापकही फसले आहेत. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने इराणमधल्या मबना इन्स्टिट्यूटशी संबंधित नऊ जणांवर आरोप ठेवले. त्यांनी प्राध्यापकांना ओळखीच्या वाटणाऱ्या अभ्यासकांच्या नावाने पत्रं पाठवली. लिंक उघडली की स्वतःच्या विद्यापीठाच्या लॉगिनसारखं हुबेहूब पान येई आणि तिथे टाकलेला पासवर्ड दुसऱ्याच्या हाती जाई. जगभरातल्या एक लाखाहून अधिक प्राध्यापकांची खाती लक्ष्य केली गेली, सुमारे आठ हजार खाती हाती लागली. अमेरिकेतली १४४ आणि इतर २१ देशांतली १७६ विद्यापीठं त्यात होती. आरोपपत्राप्रमाणे ३१ टेराबाइटहून अधिक संशोधन गेलं.

आता महाविद्यालयाच्या ऑफिसात येऊ. मुंबई विद्यापीठ परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका महाविद्यालयांना ऑनलाइन पाठवतं आणि त्या तिथेच छापल्या जातात. पूर्वी सीलबंद पाकिटांचे गठ्ठे यायचे, त्यांची राखण दिसायची. आता पाकिटाची जागा एका लॉगिनने घेतली आहे. परीक्षा विभागातला तो कॉम्प्युटर, तो प्रिंटर आणि प्रती काढणारा शिपाई हे सगळं मिळून हजारो मुलांच्या वर्षाची तिजोरी झालं आहे. त्या शिपायाला आणि लिपिकाला आपण हे कधी सांगितलं का? सुरक्षेचं व्याख्यान असतं तेव्हा सभागृहात विद्यार्थी बसवलेले असतात आणि लिपिक फॉर्म तपासत खाली खिडकीत बसलेले असतात. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना तर कॉलेजचा ईमेलही अनेकदा मिळत नाही. ते मार्कांच्या याद्या आपल्या खासगी जीमेलवरून पाठवतात आणि वर्ष संपलं की त्या याद्या घेऊन दुसऱ्या कॉलेजात जातात. यात त्यांचा दोष नाही. संस्थेने त्यांना दुसरी वाटच ठेवलेली नसते.

पासवर्डच्या बाबतीत जुन्या नियमांनी नुकसान केलं आहे. दर तीन महिन्यांनी बदला, एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह घाला. या नियमांचं मूळ अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २००३ च्या एका मार्गदर्शिकेत होतं. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्या सल्ल्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली आणि त्याच वर्षी संस्थेने नियम बदलले. सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटच्या १ चा २ करतो आणि तोही विसरायला होतो म्हणून टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी ठेवतो. फरक लांबीने पडतो. इंग्रजीतली आठ लहान अक्षरं घेतली तर सुमारे २०,८८२ कोटी जुळण्या होतात. हा आकडा मोठा दिसतो, पण पासवर्डांचा साठा निष्काळजीपणे ठेवलेला असेल तर आजच्या ताकदवान यंत्राला त्या तपासायला फार वेळ लागत नाही. सोळा अक्षरं केली की या आकड्याला याच आकड्याने गुणायचं. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी लिपीत जोडून लिहिले तर सोळा अक्षरं सहज होतात आणि लक्षातही राहतात. देवाचं नाव, राजांचं नाव, गावाचा पिनकोड मात्र नको. तोडणाऱ्यांच्या याद्यांत ते आधीच असतात. ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नये, कारण बाकी सगळ्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ त्या ईमेलवरच येतात. शिवाय दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायला पाच मिनिटं लागतात.

एका चुकीतून केवढं उभं राहतं, याची एक गोष्ट आपल्या रस्त्यावर घडली आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेलं न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. कळंबोलीहून बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्या आपण रोज बघतो. कीव्हमधल्या हिशेबनिसाच्या कॉम्प्युटरशी त्यांचा काय संबंध? पण न्हावा-शेवाला माल तुंबला तो तिथून. ज्या भोकांतून तो पसरला त्यातलं एक बुजवणारी विंडोजची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. मात्र हा विषाणू कॉम्प्युटरच्या स्मृतीतले पासवर्डही उचलायचा, त्यामुळे दुरुस्ती केलेली यंत्रंही पडली. एकच व्यवस्थापकीय पासवर्ड सगळ्या लॅबला लावून ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

विद्यापीठांपुरतं बोलायचं तर नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाची हकीकत मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते. ऑक्टोबर २०१९ च्या मध्यात तिथे कुणीतरी एक फसवं ईमेल उघडलं. काहीच झालं नाही. माणूस कामाला लागला असेल, विसरूनही गेला असेल. चोर मात्र आत आले होते. दोन महिने ते शांतपणे एका यंत्रावरून दुसऱ्यावर फिरत राहिले. २३ डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, त्यांनी २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. ऑनलाइन ठेवलेले काही बॅकअपही त्यात गेले. विद्यापीठाने शेवटी ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे १ लाख ९७ हजार युरो, खंडणी दिली. दोन वर्षांनी पोलिसांनी त्यातला काही भाग परत मिळवला, तेव्हा बिटकॉइनचा भाव इतका वाढला होता की तेवढ्याच भागाचे सुमारे पाच लाख युरो झाले. विद्यापीठाने ते अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवले.

पैशांचा हा योगायोग सगळे सांगतात. मला त्याहून मोलाची वाटते ती ५ फेब्रुवारी २०२० ची जाहीर सभा. विद्यापीठाने तपासाचा अहवाल झाकून ठेवला नाही. आमच्याकडे काय चुकलं हे इतर विद्यापीठांसमोर उभं राहून सांगितलं. ते ईमेल कुणी उघडलं याच्या शोधात कुणाचा बळी घेतला नाही. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीनेही आपल्या यंत्रणेत झालेल्या घुसखोरीचा तपशीलवार अहवाल २०१९ मध्ये जगापुढे ठेवला.

आपल्याकडे अडतं ते इथेच. लिपिक मॅडमनी चुकून लिंक उघडली तर त्या कुणाला सांगतील? पहिला विचार नोकरीचा येतो, दुसरा हसं होण्याचा. मग त्या कॉम्प्युटर बंद करून घरी जातात. चोराला नेमके हेच दिवस लागतात. विद्यार्थ्याचं तसंच, पैसे गेले तर आई-वडिलांना कसं सांगायचं म्हणून तो दोन दिवस गप्प राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ पासून महिन्याचा पहिला बुधवार सायबर जागरूकता दिवस म्हणून पाळायला सांगितलं आहे. त्या दिवशी भित्तिपत्रकं रंगवण्यापेक्षा प्राचार्यांनी एक वाक्य लेखी द्यावं: ज्याने चूक लगेच सांगितली त्याच्यावर कारवाई होणार नाही. कुठलंही सॉफ्टवेअर या वाक्याच्या तोडीचं काम करणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. तिथे घाई का करायची हेही समजून घ्यावं. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात असे पळवत असतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. तक्रार नोंदली की बँकांना एकापाठोपाठ सूचना जाते आणि जिथे पैसे सापडतील तिथे ते गोठवले जातात. रोख निघाली की ही साखळी संपली. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. बँकेलाही लगेच कळवावं, कारण रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं आहे की आपल्या निष्काळजीपणाने नुकसान झालं असलं तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं.

चोराने ज्या खात्यांतून पैसे फिरवले ती खाती कुणाची असतात? अनेकदा विद्यार्थ्यांची. ‘तुझं खातं नुसतं पडून आहे, दोन महिने वापरायला दे, कमिशन मिळेल,’ असं सांगणारा कॅन्टीनमधला ओळखीचा मुलगाच असतो. एटीएम कार्ड आणि सिम त्याच्याकडे जातं. पुढे नागपूर किंवा नाशिकच्या कुणा निवृत्त शिक्षकाची पुंजी त्या खात्यातून जाते आणि पोलिसांच्या कागदावर पहिलं नाव खातेदाराचं येतं. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणी होते. रोडपालीच्या मैदानावर धावण्यासाठी दोन वर्षं पहाटे उठलेल्या मुलाचं सगळं तिथे थांबू शकतं. मला या विषयात सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते, कारण यात मूल फसतही असतं आणि गुन्ह्यातही सापडत असतं.

आणि झेरॉक्सचं दुकान. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, परीक्षेचे फॉर्म तिथेच भरले जातात. घरी कॉम्प्युटर नाही, मोबाइलवर पान नीट उघडत नाही, दुकानदाराला कुठला दाखला किती केबीचा लागतो हे तोंडपाठ असतं. तो मदतच करतो. पण संध्याकाळी त्याच्या डेस्कटॉपवर पन्नास मुलांचे आधार, बँकेची पासबुकं, उत्पन्नाचे दाखले साठलेले असतात आणि शेजारचा ग्राहक पेनड्राइव्ह लावत असतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने प्रती वाटण्याबद्दल एक इशारा काढला आणि गैरसमज होतो म्हणून तो दोन दिवसांत मागे घेतला गेला. त्यातली एक सूचना मात्र आजही कामाची आहे: सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवलं तर त्याची प्रत कायमची पुसून टाका. शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधारही प्राधिकरणाच्या साइटवर मिळतं आणि बऱ्याच ठिकाणी ते पुरतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात काम संपल्यावर माहिती पुसण्याचं बंधन आहे, सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. महाविद्यालयांनी आपली जुनी कपाटं आणि जुनी ईमेलं त्या पूर्ण लागू होण्याआधीच उघडून बघावीत.

दुकानात मात्र कायद्याची वाट बघायला नको. पैसे देताना म्हणायचं, ‘काका, माझ्या फायली डिलीट करता का? डाउनलोडमधल्या पण. आणि रिसायकल बिनमधून पण काढा.’ ब्राउझरमधून लॉगआउट झालं का ते आपण बघायचं, पासवर्ड जतन करू का असं विचारणाऱ्या चौकटीवर ‘नाही’ दाबायचं, व्हॉट्सॲप वेब चालू केलं असेल तर आपल्या मोबाइलवरून ते बंद करायचं. दोन मिनिटं लागतात. मागे रांग असली तरी तेवढी थांबते.